सोसायटीतला फ्लॅट विकताना-घेताना: कुठलं काम आधी, कुठलं नंतर

सोसायटीतल्या जुन्या फ्लॅटचा व्यवहार अडतो तेव्हा त्यात कोणाची लबाडी क्वचितच असते. बहुतेक वेळा कामांचा क्रम चुकलेला असतो. गिऱ्हाईक मिळालं की विसार घेतला जातो, मग बँकेकडे धाव, मग दस्त, आणि सोसायटी आठवते ती शेवटी, सही लागते तेव्हा. तोवर लक्षात येतं की शेअर सर्टिफिकेटवर अजून वारलेल्या वडिलांचंच नाव आहे, किंवा मोठ्या दुरुस्तीच्या वर्गणीचे दोन हप्ते थकलेत आणि ते कोणी भरायचे हे करारात कुठेच लिहिलेलं नाही.

दोन गैरसमज सगळीकडे भेटतात. पहिला: रजिस्ट्रेशन झालं म्हणजे काम संपलं. दुसरा त्याच्या उलट: सोसायटीच्या एनओसीशिवाय पानही हलत नाही. दोन्ही चूक. संस्थेची येणी भागून खरेदीदार सदस्य होईपर्यंत संस्थेतल्या भागांचं (शेअर्सचं) हस्तांतरण पुरं होत नाही. आणि हस्तांतरणासाठी संस्थेचा ना-हरकत दाखला लागत नाही, हे आदर्श उपविधीतच (सोसायट्यांच्या नमुना नियमावलीतच) लिहिलेलं आहे.

खालचे टप्पे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेल्या आणि २०१४ चे आदर्श उपविधी स्वीकारलेल्या गृहनिर्माण संस्थांसाठी आहेत. विकणारा, घेणारा आणि कमिटी, तिघांनीही सगळं वाचावं. आपलं काम कुठे संपतं आणि दुसऱ्याचं कुठे सुरू होतं हे माहीत नसल्यानेच निम्मी भांडणं होतात.

## टप्पा १: ही सोसायटीच आहे ना?

गेटवरच्या पाटीवर विसंबू नका. ‘सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित’ असं नाव आणि नोंदणी क्रमांक असेल तर ती सोसायटी. पण महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम, १९७० खाली ‘डीड ऑफ डिक्लरेशन’ झालेलं असेल तर ते अपार्टमेंट. तिथे शेअर सर्टिफिकेट नसतं, भागांचं हस्तांतरण नसतं आणि खाली सांगितलेलं बरंचसं लागू होत नाही. अपार्टमेंटमध्ये शेअर सर्टिफिकेट मागत बसलेले खरेदीदार आणि ‘ट्रान्सफर प्रीमियम’ (हस्तांतरणाबद्दल सोसायटीला द्यायची रक्कम) मागत बसलेली कमिटी, दोन्ही पाहायला मिळतात.

जमीन कोणाची आहे तेही याच टप्प्यावर बघा. सिडको किंवा म्हाडाने भाडेपट्ट्याने दिलेली जमीन असेल, किंवा मालमत्ता पत्रकावर ‘भोगवटादार वर्ग २’ (सरकारने अटींवर दिलेली जमीन) असं लिहिलेलं असेल, तर सोसायटीशिवाय आणखी एका दाराची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क लागू शकतं. त्याला लागणारा वेळ तुमच्या हातात नसतो, म्हणून हे विसार घेण्याआधी विचारायचं असतं.

## टप्पा २: विकणाऱ्याची फाइल

जाहिरात देण्याआधी फाइल लावा. हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात जास्त वेळ खातो. त्यामुळेच लोक तो टाळतात आणि पुढे अडकतात.

करारांची साखळी. बिल्डरने पहिल्या मालकाला दिलेल्या करारापासून तुमच्या नावापर्यंतचा प्रत्येक दस्त मूळ स्वरूपात हवा. सोबत नोंदणीची पावती आणि सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी उतारा). मधला एक करार हरवला असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याची प्रमाणित प्रत काढा. मूळ प्रत गहाळ असेल तर पोलिसांत तक्रार आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, हे आजच सुरू करा. खरेदीदाराचा वकील ते मागणारच आहे.

जुन्या करारावर मुद्रांक शुल्क कमी भरलेलं असेल किंवा तो नोंदवलेलाच नसेल, तर ते आधी नियमित करून घ्यावं लागतं. कमी भरलेल्या शुल्कावर दरमहा २ टक्के दंड चढतो. त्यामुळे ‘खरेदीदार मिळाल्यावर बघू’ हा हिशेब महागात पडतो.

शेअर सर्टिफिकेट. हातात घ्या आणि मागची बाजू वाचा. मागच्या रकान्यांत प्रत्येक हस्तांतरणाची नोंद आणि सह्या असतात. शेवटचं नाव तुमचं आहे का? स्पेलिंग करारातल्या आणि पॅन कार्डावरच्या नावाशी जुळतं का? सर्टिफिकेट बँकेत गहाण असेल तर त्याची प्रत काढा आणि सोसायटीच्या सदस्य नोंदवहीतली नोंद बघून घ्या. कित्येकांनी दहा-पंधरा वर्षांपूर्वी फ्लॅट घेतलेला असतो, मेंटेनन्सही नियमित भरलेला असतो, पण सर्टिफिकेटवर नाव चढवलेलंच नसतं. अशा वेळी आधी स्वतःचं हस्तांतरण पुरं करा, मगच विका.

मृत सहमालक. पती-पत्नीच्या नावावर फ्लॅट, एक जण गेलेला, आणि उरलेला म्हणतो, ‘नॉमिनी मीच आहे, म्हणजे मालक मीच.’ तसं नाही. नॉमिनीला संस्था तात्पुरता सदस्य म्हणून दाखल करून घेते. मालकी ठरते ती मृत्युपत्र, वारसा प्रमाणपत्र किंवा हक्कदारांच्या आपसांतल्या कौटुंबिक व्यवस्थापत्रावर. बाकीचे वारस स्वखुशीने हक्क सोडत असतील तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून घ्या. एखादा वारस परदेशात असेल तर त्याचं मुखत्यारपत्र यायला वेळ लागतो. वारसांत अज्ञान (१८ वर्षांखालचं) मूल असेल तर त्याच्या हिश्श्यासाठी न्यायालयाची परवानगी लागू शकते, तेव्हा वकिलाला पहिल्याच दिवशी सांगा.

कर्ज. कर्ज चालू असेल तर बँकेकडून शिल्लक रकमेचं पत्र आणि बँकेकडे ठेवलेल्या मूळ कागदांची यादी मागून ठेवा. ही यादी हातात नसली की शेवटच्या दिवशी ‘दुसरा करार बँकेत होता की कपाटात?’ यावरून घरात वाद होतो.

बाकीचे कागद. इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र, मालमत्ता कराची आणि विजेची शेवटची बिलं, मेंटेनन्सच्या पावत्या. जमिनीचं अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स) संस्थेच्या नावे झालंय का, हेही सेक्रेटरींना विचारून ठेवा. नसेल तर तसं सांगा. चांगला खरेदीदार हे विचारतोच, आणि तेव्हा ‘माहीत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘मानीव अभिहस्तांतरणाचा (डीम्ड कन्व्हेयन्सचा) अर्ज करायचाय’ हे उत्तर बरं.

> तपासा: करार, शेअर सर्टिफिकेट, पॅन, आधार, वीजबिल या सगळ्यांवर नाव एकाच पद्धतीने आहे का? लग्नानंतर बदललेलं नाव किंवा वडिलांच्या नावाचं आद्याक्षर एवढ्यावरूनही बँकेत फाइल थांबते.

## टप्पा ३: सोसायटीकडून तीन गोष्टी लेखी घ्या

किंमत ठरण्याआधी, खरेदीदार मिळण्याआधी. तोंडी आश्वासनाला इथे अर्थ नाही, कारण आज बोललेली कमिटी उद्या बदलते.

१. येण्यांचा उतारा. मेंटेनन्स, सिंकिंग फंड (इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठीची राखीव वर्गणी), दुरुस्ती निधी, पार्किंग शुल्क, व्याज आणि फ्लॅट भाड्याने दिला असेल तर बिनभोगवटा शुल्क, सगळं वेगवेगळं दाखवलेलं. बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसतं. जास्त लावलेलं दिसलं तर आत्ताच लेखी हरकत घ्या. एखाद्या रकमेवर वाद असेल तरी व्यवहाराच्या तोंडावर ती रोखून धरू नका. हरकत नोंदवून भरा आणि वाद वेगळा चालवा. थकबाकी हे हस्तांतरण थांबवायला कमिटीजवळचं सगळ्यात रास्त कारण असतं, ते त्यांच्या हाती देऊ नका.

२. ठरलेले पण अजून न आकारलेले खर्च. लिफ्ट बदलणं, रंगकाम, संरचनात्मक दुरुस्ती, पुनर्विकासासाठी सल्लागार. सर्वसाधारण सभेत ठराव झालाय पण बिल निघालेलं नाही, अशा रकमा येण्यांच्या उताऱ्यात दिसत नाहीत. गेल्या दोन-तीन सभांची इतिवृत्तं मागवून वाचा. करारात तारीख घालून लिहा: या तारखेपर्यंत ठराव झालेली वर्गणी विकणाऱ्याची, त्यानंतरची घेणाऱ्याची.

पुनर्विकासाचा विकास करारनामा झाला असेल तर हा मुद्दा फारच मोठा होतो. कॉर्पस (पुनर्विकासात बिल्डर देतो तो निधी), पर्यायी जागेचं भाडं, वाढीव क्षेत्र, आधी दिलेली संमती, हे सगळं कोणाकडे जाणार? मोघम ‘सर्व हक्कांसह’ न लिहिता प्रत्येक बाब नावानिशी लिहा.

३. पार्किंगची खरी स्थिती. ‘फ्लॅट आणि पार्किंग’ अशी जाहिरात सर्रास होते. पण मोकळ्या किंवा स्टिल्टमधल्या (इमारतीखाली खांबांमधल्या) जागा ही संस्थेच्या ताब्यातली सामाईक सोय आहे. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने स्टिल्ट आणि मोकळी पार्किंग बिल्डरलाही स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निकाल दिला. बिल्डरला जे विकता येत नाही ते सदस्याला कसं विकता येईल? तुम्हाला मिळालेलं वाटपपत्र काय म्हणतं आणि वाटप दर वर्षी फिरतं का, हे संस्थेकडून लेखी घ्या आणि खरेदीदाराला तेवढंच सांगा. ताबा घेतल्यानंतरचं सगळ्यात कडू भांडण पार्किंगवरूनच होतं.

## टप्पा ४: विसार

आता विसार घ्यायला हरकत नाही. छोटी रक्कम, खात्यावर आणि लेखी विसार पावती. पावतीत किंमत, करारनाम्याची मुदत, कर्ज मंजूर न झाल्यास किंवा मालकीत दोष निघाल्यास रक्कम किती दिवसांत परत, आणि सोसायटीची येणी व हस्तांतरणाचा खर्च कोणाचा, हे चार मुद्दे हवेतच.

> सावधान: स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणं आयकर कायद्यात निषिद्ध आहे, आणि दंड घेतलेल्या रकमेएवढा असू शकतो. ‘विसारच तर आहे’ ही सबब तिथे चालत नाही.

विकणारा अनिवासी असेल तर विसाराआधीच सनदी लेखापालाला भेटा. पुढे येणारा १ टक्का टीडीएसचा नियम त्याला लागू नाही. त्याच्याकडून कापायचा कर बराच मोठा असतो, आणि तो न कापल्याची जबाबदारी खरेदीदारावर येते.

## टप्पा ५: सोसायटीला नोटीस

विकणाऱ्याने संस्थेला हस्तांतरणाच्या इराद्याची नोटीस द्यायची असते, १५ दिवस आधी, उपविधीच्या परिशिष्टात दिलेल्या नमुन्यात. सोबत खरेदीदाराची संमती, तीही ठरलेल्या नमुन्यातच. पत्र द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. व्हॉट्सअॅपवर सेक्रेटरींना ‘काका, फ्लॅट विकतोय’ असं कळवणं म्हणजे नोटीस नव्हे.

आता एनओसीबद्दल. हस्तांतरणासाठी ती लागत नाही हे वर आलंच आहे. मग ती मागते कोण? खरेदीदाराची बँक. कर्ज देताना बँकेला संस्थेकडून हवं असतं की हा फ्लॅट अमुक सदस्याचा आहे, येणी बाकी नाहीत आणि बँकेच्या बोजाची नोंद संस्था घेईल. हे पत्र हवं असेल तर स्वतंत्र अर्ज करा, बँकेचा मसुदा जोडा. अशा अर्जावर कमिटीने एका महिन्यात विचार करायचा असतो. बँकेकडे जायच्या आधी अर्ज टाकलात तर हा महिना मधे भुर्रकन निघून जातो, नंतर टाकलात तर तोच महिना व्यवहाराच्या मानेवर बसतो.

> कमिटीसाठी: एनओसीच्या बदल्यात प्रीमियम आधीच वसूल करू नका. प्रीमियम हस्तांतरणाच्या अर्जासोबत देय होतो. व्यवहार मोडला तर घेतलेले पैसे परत करताना हिशेबात गोंधळ होतो, आणि लेखापरीक्षकाला उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

## टप्पा ६: करारनामा, मुद्रांक, नोंदणी

मसुदा वकिलाकडूनच करून घ्या. एजंटाच्या संगणकात साठवलेल्या मसुद्यात मागच्या व्यवहाराचा मजला आणि क्षेत्रफळ तसंच राहिलेलं असतं. करारात फ्लॅटइतकाच ठळक उल्लेख भागांचा हवा: सर्टिफिकेट क्रमांक, भाग क्रमांक कितीपासून कितीपर्यंत, संस्थेचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक. हे नसेल तर फ्लॅट तुमचा आणि भाग मात्र हवेत, अशी गंमत होते.

मुद्रांक शुल्क मोबदला आणि वार्षिक मूल्यदर तक्त्यानुसार (रेडी रेकनरनुसार) येणारं मूल्य, यांतल्या जास्त असेल त्यावर लागतं. मूळ दर ५ टक्के, त्यावर शहरानुसार अधिभार. खरेदीदार फक्त महिला असेल किंवा सगळ्याच महिला असतील तर निवासी फ्लॅटवर १ टक्का सवलत मिळते. नवऱ्याचं नाव सोबत घातलं की ती जाते. नोंदणी शुल्क १ टक्का, पण ३०,००० रुपयांच्या वर नाही. आकडे बदलत असतात, म्हणून दस्ताच्या आठवड्यात पुन्हा तपासा.

करारावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो नोंदणीला सादर झाला पाहिजे. उशीर झाला तर दंड.

किंमत किंवा मुद्रांकासाठीचं मूल्य ५० लाख रुपये किंवा अधिक असेल तर निवासी विक्रेत्याच्या रकमेतून खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापून भरायचा असतो. दोन भाऊ मिळून विकतायत, प्रत्येकाचा वाटा ५० लाखांच्या आत, म्हणून सुटका होत नाही. मर्यादा पूर्ण व्यवहाराला लागते. टीडीएस प्रत्येक हप्त्यातून कापायचा. शेवटी एकदम कापू म्हणणाऱ्यांना व्याज भरावं लागतं. भरल्याचं प्रमाणपत्र विक्रेत्याला द्या, नाहीतर त्याच्या विवरणपत्रात ती रक्कम दिसत नाही आणि तो तुमच्या मागे लागतो.

> तपासा: नोंदणी झाल्यावर तिथेच इंडेक्स टू वाचा. फ्लॅट क्रमांक, विंग, क्षेत्रफळ, दोन्ही पक्षांची नावं. चूक दिसली तर आत्ता सांगणं सोपं, कारण नंतर चूक-दुरुस्ती दस्त करावा लागतो आणि विकणाऱ्याला पुन्हा बोलवावं लागतं. विकणारा तोवर दुसऱ्या गावी गेलेला असतो.

## टप्पा ७: पैसे, बँक, ताबा

विकणाऱ्याचं कर्ज असेल तर खरेदीदाराच्या बँकेचा पहिला धनादेश विकणाऱ्याच्या कर्जखात्यावर काढून घ्या. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलंय. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. तरीही करारात लिहा की शेअर सर्टिफिकेटसह मूळ कागद मिळेपर्यंत अमुक रक्कम शिल्लक राहील.

ताबा द्यायच्या दिवशी वीज, पाणी आणि गॅसच्या मीटरचे आकडे लिहून दोघांच्या सह्या घ्या. किल्ल्यांच्या बरोबर ताबा पावती. एवढं पुरे.

विकणाऱ्याने मात्र किल्ल्या देण्याआधी हस्तांतरणाच्या सगळ्या फॉर्मवर सह्या करून दिल्या पाहिजेत. पैसे मिळाल्यावर विक्रेत्याला पुन्हा सोसायटीत बोलावणं म्हणजे रुसलेल्या व्याह्याला मांडवात आणणं.

## टप्पा ८: हस्तांतरणाचा अर्ज

अर्ज संस्थेला द्यायचा असतो आणि त्यात दोघांचेही कागद असतात.

विकणाऱ्याकडून: भाग आणि हितसंबंध हस्तांतरणाचा अर्ज, मूळ शेअर सर्टिफिकेट, सदस्यत्वाचा राजीनामा, हस्तांतरणाचं कारण, सर्व येणी भरल्याची पावती.

घेणाऱ्याकडून: सदस्यत्वाचा अर्ज, नोंदणीकृत करारनाम्याची आणि इंडेक्स टूची प्रत, फ्लॅटचा वापर निवासासाठीच करण्याचं आणि पुढची येणी भरण्याचं हमीपत्र, पॅन-आधारच्या प्रती. दोघे मिळून घेतला असेल तर करारात दोघे असूनही सदस्य कोण आणि संयुक्त किंवा सहयोगी सदस्य कोण, हे अर्जात स्पष्ट लिहा. नंतर सभेत मत कोणी द्यायचं यावर वाद होतो.

पैसे:

- हस्तांतरण शुल्क ५०० रुपये.
- प्रवेश शुल्क १०० रुपये.
- प्रीमियम: संस्थेच्या सर्वसाधारण सभेने ठरवलेला, पण ९ ऑगस्ट २००१ च्या शासन परिपत्रकाच्या कमाल मर्यादेत. महानगरपालिका आणि प्राधिकरण क्षेत्रात २५,०००, ‘अ’ वर्ग नगरपालिकेत २०,०००, ‘ब’ वर्गात १५,०००, ‘क’ वर्गात १०,००० आणि ग्रामपंचायत क्षेत्रात ५,००० रुपये.

ही कमाल मर्यादा आहे, सरसकट दर नव्हे. सभेने ५,००० ठरवले असतील तर ५,०००च. मर्यादेपेक्षा जास्त रक्कम देणगी, विकास निधी, सुशोभीकरण निधी अशा कुठल्याही नावाखाली घेता येत नाही. ‘सगळेच देतात’ हे उत्तर ऐकू आलं तर सभेच्या ठरावाची प्रत मागा. तेवढ्याने बहुतेक वेळा आकडा खाली येतो.

कुटुंबातल्या कुटुंबात, नॉमिनीकडे किंवा वारसाकडे हस्तांतरण होत असेल, किंवा दोन सदस्यांनी आपसांत फ्लॅट बदलले असतील, तर प्रीमियम लागतच नाही. कुटुंबाची व्याख्या उपविधीत दिली आहे आणि ती पुष्कळांना वाटते त्यापेक्षा मोठी आहे. भाऊ, बहीण, सून, जावई, नातवंडं तिच्यात येतात.

> सावधान: मूळ शेअर सर्टिफिकेट संस्थेला देताना पोच घ्या, सर्टिफिकेट क्रमांकासह. अर्जाच्या पोचेवरही तारीख हवीच. पुढची मुदत या तारखेपासून मोजली जाते.

प्रीमियम कोणी भरायचा हे व्यवहारात लोक आपसांत ठरवतात. निम्मा-निम्मा करा किंवा एकाने भरा, फक्त विसार पावतीतच लिहून ठेवा.

## टप्पा ९: कमिटीचं काम

आता कमिटीकडे वळतो. चुकीचे सगळ्यात जास्त नमुने इथेच सापडतात, आणि बहुतेक वेळा हेतू वाईट नसतो, फक्त ‘आमच्याकडे असंच चालतं’ ही सवय असते.

अर्ज आला की सेक्रेटरींनी आठवड्याच्या आत कागद तपासून, त्रुटी असतील तर एकाच पत्रात सगळ्या कळवाव्यात. आज पॅनची प्रत नाही, पंधरा दिवसांनी हमीपत्राचा मजकूर चूक, असं तुकड्या-तुकड्याने सांगणं अन्यायाचं आहे आणि मुदतीच्या हिशेबात संस्थेच्याच अंगाशी येतं.

तपासायचं एवढंच: अर्ज पूर्ण आहे का, दस्त नोंदवलेला आहे का, सर्टिफिकेटवरचा सदस्य आणि विक्रेता एकच आहे का, येणी भरली का, बँकेचा बोजा असल्यास तो उतरला किंवा नवा नोंदवायचा आहे का. संपलं.

खरेदीदार कोणत्या जातीचा किंवा धर्माचा, काय खातो, लग्न झालंय की नाही, काय काम करतो, कुत्रा पाळतो का, हे कमिटीच्या अखत्यारीत येत नाही. ‘ओळख व्हावी म्हणून भेटायला बोलावतो’ या नावाखाली मुलाखत घेणाऱ्या कमिट्या आहेत. चहाला जरूर बोलवा, पण सदस्यत्व मंजूर झाल्यावर. संस्थेला सबळ कारणाशिवाय सदस्यत्व नाकारता येत नाही, आणि शाकाहार हे सबळ कारण नव्हे.

मागच्या मालकाने गॅलरी आत घेतली, भिंत पाडली, हे प्रकरण वेगळं चालवा. तशी नोटीस द्या, नव्या सदस्यालाही लेखी कळवा, गरज असेल तर महापालिकेला कळवा. हस्तांतरणाचा अर्ज हे त्या वादातलं हत्यार करू नका.

कमिटीची सभा महिन्यातून किमान एकदा व्हायलाच हवी, त्यामुळे ‘सभाच झाली नाही’ हे कारण स्वतःवरच उलटतं. ठरावात चार गोष्टी येऊ द्या: हस्तांतरण करणाऱ्याचं आणि स्वीकारणाऱ्याचं पूर्ण नाव, फ्लॅट आणि भाग क्रमांक, नोंदणीकृत दस्ताचा क्रमांक व तारीख, आणि मिळालेल्या प्रत्येक रकमेची पावती. ‘अमुक यांचा अर्ज मंजूर’ एवढाच ठराव पाच वर्षांनी कोणालाच काही सांगत नाही.

ठरावानंतर शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला नोंद करायची. अध्यक्ष, सचिव आणि अधिकृत कमिटी सदस्य, तिघांच्या सह्या आणि शिक्का. नवं सर्टिफिकेट काढायची गरज नसते. जुनं खराब झालं किंवा हरवलं असेल तरच दुय्यम प्रत, आणि तिची वेगळी पद्धत आहे. ‘आय’ (सदस्य नोंदवही) आणि ‘जे’ (सदस्यांची यादी) या नोंदवह्यांत बदल त्याच दिवशी करा. सर्टिफिकेटवर नवं नाव आणि नोंदवहीत जुनं, अशी स्थिती राहिली तर पुढच्या निवडणुकीच्या मतदार यादीत माजी मालक उभा राहतो.

सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधीतली विकणाऱ्याची जुनी वर्गणी परत द्यायची नसते. ती इमारतीसाठी आहे आणि इमारतीबरोबरच राहते. विक्रेत्याने मागितली तर हे शांतपणे सांगा.

## टप्पा १०: अर्ज अडला तर

कमिटीने नकार दिला तर तो कारणांसह आणि लेखी मिळायला हवा. निर्णय झाल्यापासून १५ दिवसांत किंवा अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत, यांतलं जे आधी येईल तोवर. तीन महिन्यांत काहीच कळवलं नाही तर अर्जदार सदस्य झाला असं मानलं जातं. नकाराविरुद्ध सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे अपील करता येतं.

हे ऐकून पहिल्याच दिवशी उपनिबंधकांचं नाव घ्यायची घाई करू नका. उद्या त्याच लिफ्टने जायचं आहे. आधी सेक्रेटरींना एक साधं पत्र: अर्ज अमुक तारखेला दिला, पोच सोबत, त्रुटी असल्यास कळवा. पंधरा दिवसांनी दुसरं पत्र, त्यात उपविधीचा उल्लेख. कमिटी अर्जच घ्यायला तयार नसेल तर तो स्पीड पोस्टाने पाठवा, पोचल्याचा पुरावा ठेवा, शुल्काचा धनादेश सोबत जोडा. पुढे उपनिबंधक कार्यालयात गेलात तर तिथे पहिला प्रश्न ‘अर्ज केल्याचा पुरावा काय?’ हाच असतो, आणि बरेच जण तिथेच गप्प होतात.

मानीव सदस्यत्व मिळालं म्हणून सर्टिफिकेटवर नाव आपोआप चढत नाही. त्यासाठी उपनिबंधकांचा आदेश घेऊन तो संस्थेला द्यावा लागतो.

## नाव चढल्यावर

वीज मीटर, मालमत्ता कर आणि पाइप गॅस यांचं नाव बदलून घ्या. इंडेक्स टूची प्रत तिन्ही ठिकाणी लागते. मेंटेनन्सचं पुढचं बिल नव्या नावाने आलं का ते बघा.

आणि नामनिर्देशनाचा फॉर्म त्याच आठवड्यात भरा. तीन प्रती द्यायच्या, एक पोचेसह परत घ्यायची. आधीच्या मालकाने भरलेलं नामनिर्देशन तुमच्या फ्लॅटला लागू होत नाही, आणि कमिटी तुम्हाला याची आठवण करून देईल या भरवशावर राहू नका.